कायम होईपर्यंत
वडील गिरणीत बदली कामगार होते. रोज सकाळी गेटावर उभं राहायचं. कुणी खाडा केला असेल तर कामावर घेणारा जॉबर बोट दाखवणार, नाहीतर लालबागच्या खोलीवर परत. कायम व्हायच्या आतच संप झाला आणि गिरणीच गेली. त्यांचा एक नियम तेवढा उरला. पुढे मला परळच्या एका सॉफ्टवेअर कंपनीने प्रोबेशनवर घेतलं, तेव्हा तो त्यांनी मला दिला. "कायम होईपर्यंत तोंड उघडायचं नाय गो." घरात तेव्हा माझाच पगार येत होता, म्हणून मीही तो मानला.

प्रोग्राम लिहिणाऱ्यांसाठी आमची कंपनी एक एडिटर बनवायची. त्यात फाइलचा पत्ता टाइप करायला घेतला की पुढची नावं आपोआप सुचायची. ती चुकीची सुचू लागली. कुणाला भलत्याच फोल्डरमधल्या फाइली दिसत, कुणाला काहीच दिसत नसे. ग्राहक बोंबलत होते. आमच्या सरांनी ते लचांड माझ्या गळ्यात मारलं आणि वर म्हणाले, "माझ्या मशीनवर तर चालतंय."

माझ्याही मशीनवर चालत होतं, तीच पंचाईत होती. फाइली इकडून तिकडे हलवून बघितल्या, फोल्डरांची नावं बदलली, काही बिघडेना. सर येता-जाता माझ्या खुर्चीमागे थांबायचे. एकदा सगळ्यांसमोर म्हणाले, "एका खोलीत राहणाऱ्यांना फोल्डरच्या आत फोल्डर असतो हे पटायला जरा वेळ लागतो." सगळे हसले. ज्यांचे बाप गिरणीत होते तेही हसले. त्यांचा मला जास्त राग आला.

मग एका दुपारी मी एडिटर नेहमीसारखा प्रोजेक्टच्या फोल्डरमधून न उघडता डेस्कटॉपवरून उघडला आणि सगळी यादी चुकली. आपली फाइल कुठे आहे हे एडिटर बघतच नव्हता. तो स्वतः जिथून सुरू झाला तिथून पत्ता मोजत होता. 'शेजारच्या खोलीत डबा दे' म्हटल्यावर पाहुण्याने स्वतःच्या घराशेजारचं दार वाजवावं, तसं. ऑफिसात सगळे प्रोजेक्टमधूनच उघडत, म्हणून तिथे कधी बिघडलंच नव्हतं. दुरुस्ती एका ओळीची होती. जुनी ओळ सरांनी लिहिलेली होती, कोडच्या इतिहासात त्यांचं नाव स्वच्छ दिसत होतं.

मी मूग गिळून ओळ बदलली. कुणाची चूक ते लिहिलं नाही. सरांनी बघून नुसतं "हं" केलं.

प्रोबेशन संपताना त्यांनी मला केबिनमध्ये बोलावलं. स्क्रीनवर माझी तीच ओळ होती.

"एका ओळीला तुला इतके दिवस लागले," ते म्हणाले. "तूच सांग, कायम कसं करू?"

आधीची ओळ तुमची होती, एवढंच म्हणायचं होतं. तेव्हाही मी म्हटलं नाही.

घरी आले तर वडील दारातच उभे होते. "नाही केलं कायम," मी म्हणाले.

"तू कायतरी बोलली असशील."

"नाही बोलले."

"एखादा शब्द गेला असेल. आठव जरा."

म्हातारा विनवत होता. मी उलटून बोलले असते तर त्यांचा नियम खरा ठरला असता, गेटावर गप्प उभं राहण्यातली त्यांची सगळी वर्षं खरी ठरली असती. खोटं 'हो' म्हणायला माझं काही जात नव्हतं. पण दिवसभराचा राग तसाच होता आणि समोर तेच होते.

"एक शब्द नाही, बाबा. तुम्ही सांगितलं तस्संच केलं."

त्यानंतर त्यांनी मला कधी काही सांगितलं नाही.