आईंसमोर धरलेला उपास

"डिलिरियम आहे," डॉक्टर म्हणाले. "म्हणजे वेड लागलं असं नाही. ऑपरेशन, भूल, अनोळखी जागा, या सगळ्यानं म्हातारं डोकं काही दिवस गोंधळतं. आपण कुठे आहोत, साल कोणतं, याची सरमिसळ होते. बहुतेकांचं निवळतं. पण त्यांनी खायला हवं."

माझ्या सासूबाईंबद्दल ते बोलत होते. आम्ही त्यांना आई म्हणतो. वय नव्वदीच्या पुढे. मुलुंडच्या घरी बाथरूमच्या उंबऱ्याला अडखळून पडल्या आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन छान झालं. तिसऱ्या दिवशी त्यांनी खाणं बंद केलं.

घरात म्हातारं माणूस असेल तर कधीतरी ही वेळ तुमच्यावरही येईल. तेव्हा निदान मी केलं ते तुम्ही करू नका, म्हणून लिहितेय. लिहिताना लाज वाटतेय, पण न लिहिता जास्त वाटेल.

आई मूळच्या हॉलंडच्या, ज्यू. सासरे शिकायला तिकडे गेले होते, लग्न करूनच परत आले. आई भाकरी माझ्यापेक्षा गोल थापतात आणि भाजीवाल्याशी माझ्यापेक्षा चांगलं भांडतात. लहानपणी त्या नाझींच्या छळछावणीत होत्या, हे घरात सगळ्यांना माहीत होतं. म्हणजे तेवढं एक वाक्य माहीत होतं. लग्नाला बत्तीस वर्षं झाली, मी पुढचं वाक्य कधी विचारलं नाही. कशाला त्यांना त्रास द्यायचा, असं आम्ही म्हणायचो. खरं तर आम्हालाच ऐकायचं नव्हतं.

आई पडल्या त्या दिवशी मी गणपतीला नवस बोलले. आई स्वतःच्या पायांनी घरी येईपर्यंत दिवसभर अन्नाला शिवणार नाही, संध्याकाळी घरी गेल्यावर एकदाच जेवेन. हे मनात ठेवलं असतं तर एक वेळ ठीक होतं. मी दहिसरला नणंदेला, वंदनाला, फोन करून सांगितलं. सोसायटीत सांगितलं. भेटायला आलेल्या बायका म्हणायच्या, "सून असावी तर अशी गं!" मी "कसलं काय" म्हणायचे आणि पुढच्या बाईला पुन्हा सगळं सांगायचे. मला ते कौतुक फार आवडत होतं.

डिलिरियममध्ये आई मधेच डच बोलायच्या, मधेच मराठी. नाश्ता आला की ताट माझ्याकडे सरकवायच्या. "तू खा आधी."

"आई, माझा उपास आहे. मला भूक नाही. तुम्ही खा."

हे वाक्य मी दिवसातून चार वेळा म्हणत होते. ते ऐकलं की आईंचा चेहरा पांढरा पडायचा आणि त्या भिंतीकडे तोंड करायच्या. मला वाटायचं, हट्ट आहे. म्हातारपणी माणूस लहान होतं म्हणतात, तसलं काहीतरी.

चौथ्या दिवशी सकाळी सिस्टर चादर बदलत होत्या. उशीच्या अभ्र्यातून एक इडली निघाली, दोन ब्रेडचे स्लाइस, आणि टिश्यूत गुंडाळलेली अर्धी चपाती. सगळं कडक झालेलं, इडलीला वास मारत होता. शेजारच्या बेडची माणसं बघायला लागली. माझी मान खाली गेली. आपण यांना उपाशी ठेवतो असं लोकांना वाटेल, हीच काळजी मला आधी वाटली.

"अहो आई, हे काय? शी! उंदरं येतील ना!"

"ते तुझं आहे," आई म्हणाल्या. "तुझ्यासाठी ठेवलंय."

मी ते सगळं गोळा केलं आणि त्यांच्या डोळ्यांदेखत कचऱ्याच्या डब्यात टाकलं. आई उठायला गेल्या. नुकतं हाड जोडलेली बाई, डब्याकडे हात करून रडत होती. मी त्यांना खांदे धरून परत निजवलं आणि रागावलेसुद्धा.

दुपारपर्यंत त्यांनी पाण्याचा घोटही घेतला नाही. मग राइल्स ट्यूब घातली. नाकातून पोटापर्यंत जाणारी बारीक नळी, तिच्यातून पातळ अन्न देतात. आईंनी ती तासाभरात उपसून काढली. पुन्हा घातली. आता रेस्ट्रेंट लावावं लागेल, म्हणजे नळी ओढू नये म्हणून मऊ पट्टीनं मनगटं कॉटला बांधायची, असं ड्यूटीवरच्या डॉक्टरनं सांगितलं. घरच्यांची सही हवी होती. अनिल, माझा नवरा, अंधेरीला ऑफिसात होता. त्याला फोन करता आला असता. मी सही केली.

छावणीतून वाचलेल्या बाईचे हात बांधायला मी सही केली. तेव्हा हे माझ्या डोक्यातही आलं नाही.

संध्याकाळच्या राउंडला मोठे डॉक्टर आले. बांधलेले हात बघून त्यांचा चेहरा उतरला. खुर्ची ओढून बसले. "यांचं खाण्याशी काही जुनं आहे का? कधी उपासमार झालीय?"

"लहानपणी त्या नाझींच्या छावणीत होत्या," मी म्हटलं. मधुमेह आहे, बीपी आहे, त्याच सुरात.

डॉक्टरांनी विचारलं, "तुम्ही दिवसभर इथे असता ना? त्यांच्यासमोर जेवता का?"

"माझा उपास असतो, डॉक्टर. यांच्यासाठीच नवस बोललेय." हेही मी जरा अभिमानानंच सांगितलं.

"मॅडम," ते हळू आवाजात म्हणाले, "त्या आत्ता कुठे आहेत असं त्यांना वाटतंय, कळतंय का तुम्हाला? शेजारचं माणूस उपाशी आहे. त्या तुमच्यासाठी अन्न वाचवतायत. आणि आपण त्यांचे हात बांधलेत."

मला तिथे मेल्याहून मेल्यासारखं झालं.

त्यांनी स्वतः पट्ट्या सोडल्या. नळीही काढली. "एक जेवण बघू. तुम्ही आधी जेवा. त्यांना दिसेल असं."

मी बाहेर जाऊन वंदनाला फोन केला. नवस अर्धवट मोडायला मला भीती वाटत होती. ती ताडकन म्हणाली, "वहिनी, वेडी आहेस का? देवाला बोललीस ना तू! आईला काही झालं म्हणजे?" मी फोन ठेवला. देवाची भीती होतीच, पण लोकांना आता काय सांगू ही जास्त होती.

आत आले. मऊ भात आणि वरण आलं होतं. आईंच्या मनगटांवर लाल वळ होते. मी त्यांच्याच ताटातला घास उचलला आणि खाल्ला.

आई टक लावून बघत होत्या. "तोंड उघड," म्हणाल्या.

मी उघडलं. लहान मुलाचं बघतात तसं त्यांनी आत वाकून बघितलं, मी गिळलंय की गालात ठेवलंय ते. मग म्हणाल्या, "अजून एक." मी आणखी चार घास खाल्ले, आणि प्रत्येक वेळी तोंड उघडून दाखवलं. मग त्यांनी स्वतःच्या हातानं भात कालवला आणि ताट संपवलं. मी रडत होते, त्यांचं लक्ष नव्हतं.

पुढचा आठवडा मी तिन्ही वेळा त्यांच्याबरोबर जेवले. हळूहळू डोकं निवळलं. वॉकर धरून त्या व्हरांड्यापर्यंत जायला लागल्या. एका सकाळी तिथे ऊन खात बसलो होतो, तेव्हा मी आईंची माफी मागितली. उपासाची, डब्याची, सहीची, एकेक करून.

आई म्हणाल्या, "माझी मोठी बहीण होती तिथे. एका फळीवर आम्ही चौघी झोपायचो. पहाटे हजेरीला बर्फात उभं करायचे, आकडा जुळेपर्यंत. पाण्यासारखं सूप आणि पावाचा तुकडा. बहीण रोज तिच्यातला अर्धा मला द्यायची. म्हणायची, मला भूक नाही."

मी खाली बघितलं.

"मी लहान होते, माधुरी, पण मूर्ख नव्हते. मला कळायचं ती खोटं बोलतेय. तरी मी खायचे. सुटका व्हायच्या थोडे दिवस आधी ती गेली." त्यांनी शाल ओढून घेतली. "तुला लाज वाटते एका आठवड्याची. मी ऐंशी वर्षं जेवतेय."

यावर काय बोलायचं असतं, मला अजून माहीत नाही. तुमच्यावर अशी वेळ आली तर तुम्हालाही माहीत नसेल. समजूत घालू नका, एवढंच सांगेन. त्या दिवशी मी समजूत घातली नाही, हेच एक त्या पंधरा दिवसांत मी बरं केलं. त्या डॉक्टरांनी खुर्ची ओढून एक प्रश्न विचारला होता, त्यांचे उपकार आहेत. मी त्यांच्याकडून तेवढंच उचललं.

"आई, तिचं नाव काय होतं?"

त्यांनी माझ्याकडे वळून बघितलं. या घरात कुणी ते कधी विचारलंच नव्हतं.

"हेनी," त्या म्हणाल्या. "सोळा वर्षांची होती. गायची छान."