अर्धा तास पुढे गेलेली वेबसाइट

आमच्या चाळीच्या नाट्यमंडळाची वेबसाइट कुणा परक्याच्या मशीनवर नाही. ती गिरगावात, आमच्याच तळमजल्यावरच्या तालमीच्या खोलीत, कोपऱ्यातल्या जुन्या कॉम्प्युटरवर चालते. कल्पना माझी. "स्वतःची खोली असताना दुसऱ्याकडे पाहुण्यासारखं कशाला राहायचं?" असं सभेत म्हणून मी टाळ्याही घेतल्या होत्या. साइटला दोन कुलपं आहेत. एक पासवर्ड, आणि दुसरा आपापल्या मोबाइलवर दर अर्ध्या मिनिटाला बदलणारा सहा आकडी कोड.

त्या सोमवारी दुपारी पासवर्ड चालला. कोड चालेना.

आमची लेखिका शेजारीच उभी होती. दुसऱ्या मजल्यावर राहते, बँकेत नोकरी करते, आणि हे तिचं पहिलंच नाटक. पाचच्या आत दादरला स्पर्धेच्या कचेरीत तीन प्रती द्यायच्या होत्या. तिसरा अंक तिने शनिवारी थेट साइटवरच लिहिला होता. दुसरीकडे कुठे त्याची ओळसुद्धा नव्हती. आणि साइटच्या पोटात हात घालून फाइल बाहेर काढण्याइतकी विद्या माझ्याकडे नव्हती.

"दादा, शनिवारी तर चालला होता माझा कोड!"

"मशीनचा मूड असतो गं," मी म्हणालो आणि मशीन बंद करून चालू केलं. कोड चुकीचा. पासवर्ड बदलला. कोड चुकीचा. तिच्या मोबाइलवरचा टाकला, तोही चुकीचा.

आमचे दिग्दर्शक मास्तर सत्तरी ओलांडलेले. ते मागून म्हणाले, "आकडे घाईत टाकतोयस. जरा पॉझ घे."

"मास्तर, पॉझ घेतला तर कोड बदलतो."

"मग पाठांतर कच्चं आहे तुझं."

मी संशय आमच्या नायकावर ढकलला. रविवारी तालमीला तोच उशिरा आला होता, तोच या मशीनजवळ घुटमळत होता. "त्यानेच काहीतरी दाबलं असणार," मी खर्जात म्हणालो. मास्तरांनी मान डोलावली. लेखिकेने डोलावली नाही. ती नखं खात होती.

शेवटी लोअर परळला कॉम्प्युटरच्या ऑफिसात असलेल्या पुतणीला फोन लावला आणि स्पीकरवर टाकला.

"काका, मशीनचं घड्याळ बघा."

"अगं, कोड चुकतोय, घड्याळाचं काय घेऊन बसलीस?"

"कोड वेळेवरूनच बनतो. मशीन आणि मोबाइल, दोघांची वेळ जुळायला हवी. वेळेच्या सेटिंगचा फोटो काढून पाठवा मला."

मशीनवर चार दहा. मोबाइलवर तीन चाळीस. फोटो पाठवून मी हळूच भिंतीकडे पाहिलं. तिथेही चार दहा.

आमच्या खोलीतलं भिंतीवरचं घड्याळ पिढ्यान्‌पिढ्या अर्धा तास पुढे असतं. नटांना वेळेवर आणायचा हा मंडळाचा जुना उपाय. पण रविवारी नायकाने कॉम्प्युटरकडे बोट दाखवून वाद घातला, "मास्तर, हा तर सातच म्हणतोय!" तो पाणी प्यायला बाहेर गेला, तसं मास्तरांनी माझ्याकडे पाहिलं. मी मिशीतल्या मिशीत हसत कॉम्प्युटरही अर्धा तास पुढे केला.

"मशीन जुनं झालंय," मी म्हणालो. "वेळ जरा सरकली असेल आपोआप."

"नाही काका," स्पीकर खणखणला. "स्क्रीनचा फोटो पाठवलात ना आत्ता, त्यात दिसतंय. आपोआप वेळ जुळवायचं बटण कुणीतरी हाताने बंद केलंय."

लेखिकेने माझ्याकडे पाहिलं. मी मास्तरांकडे पाहिलं. मास्तर पडद्याच्या दोऱ्या तपासायला लागले.

बटण चालू केलं, घड्याळ मागे आलं, कोड चालला. तिसरा अंक आला. नाक्यावर प्रती काढल्या, टॅक्सी धरली. कचेरीतला कारकून भिंतीकडे बघत म्हणाला, "चार पन्नास. वेळेत आहात."

"हे पुढे नाही ना?" लेखिकेने विचारलं. त्याने गोंधळून स्वतःचं मनगटी घड्याळ पाहिलं.

प्रती देण्याआधी तिने पेन काढून तिन्ही प्रतींत, तिसऱ्या अंकाच्या सुरुवातीला, स्वतःच्या हाताने एक ओळ लिहिली: 'एक शेजारी येतो, भिंतीवरचं घड्याळ अर्धा तास मागे करतो, सर्वांची हात जोडून माफी मागतो आणि जातो.'

"हे कोण करणार?" मी विचारलं.

"तुम्ही."

"आणि संवाद?"

"एकही नाही, दादा. पॉझच पॉझ."