बिनसांडव्याचा नकाशा

देवमन पडघान नगरपालिकेत ओव्हरसियर लागला तेव्हा अख्ख्या वस्तीत पेढे वाटले गेले. बौद्ध वस्तीतला पहिला साहेब! अमरावतीहून डिप्लोमा घेऊन आलेला, इस्त्रीची पँट घालून सायकलवर हिंडणारा. वस्तीतली म्हातारी माणसंसुद्धा त्याला 'साहेब' म्हणत आणि मग स्वतःच हसत.

माणूस कामाला वाघ होता. पण त्याला एक खोड होती. खोड म्हणा की गुण म्हणा, ज्यानं त्यानं ठरवावं. त्याला मागता येत नसे. रजा हवी असली तरी तीन-तीन दिवस अर्ज खिशात घेऊन फिरायचा. मागितलं की समोरचा 'नाही' म्हणू शकतो, आणि ते 'नाही' ऐकायची त्याची तयारी नव्हती. त्याच्या बापानं, उकंडरावानं, जन्मभर दुसऱ्यांच्या दारात हात पसरले होते. देवमननं ते लहानपणी पाहिलं होतं आणि त्याला तेवढं पुरलं होतं.

चौऱ्याहत्तर साली गावात भुयारी गटाराची योजना आली. गाव तालुक्याचं, अनसिंगहून एसटीनं तासाभरावर. नाव सांगून कुणाची अब्रू काढायची नाही. बाजारपेठ, दवाखाना आणि एसटी स्टँड एवढ्यापुरतीच योजना, पण लोकांना वाटलं आता गावाचं सोनं झालं. नकाशे काढायचं काम देवमनकडे आलं.

भुयारी गटाराचं एक आहे. तुम्ही कितीही मोठे असा, तुमची घाण उताराकडेच जाते. म्हणून गावातला सगळ्यात खोलगट भाग शोधायचा, साऱ्या नळ्या तिथं आणायच्या, तिथं खोल हौद बांधायचा आणि पंपानं ती घाण उपसून लोखंडी पाइपातून लांब शेतात नेऊन टाकायची. याचं नाव पंपघर.

देवमननं लेव्हलची दुर्बीण लावून गावभर मापं घेतली. उत्तर त्याला आधीच ठाऊक होतं, तरी त्यानं तीनदा घेतली. एकदा तर दुर्बीणच बिघडली असेल म्हणून दुसरी लावून पाहिली. दुर्बिणीला काही कुणाची भीड नसते. तिनं तिन्ही वेळा एकच जागा दाखवली, नाल्याकाठची बौद्ध वस्ती. ज्यांनी कधीकाळी हे गाव वसवलं, त्यांनी उंचावर कोण राहणार आणि चिखलात कोण राहणार हे तेव्हाच ठरवून टाकलं होतं. देवमनच्या दुर्बिणीनं फक्त ते आकड्यांत वाचून दाखवलं.

पंपघराची जागा निघाली वस्तीच्या टोकाला, अगदी नाल्यावर, जिकडून नाला वाहत येतो त्या अंगाला. तिथून खाली दीडशे पावलांवर वस्तीची विहीर.

ही विहीर वस्तीनं दीक्षा घेतल्याच्या दुसऱ्या वर्षी, सत्तावन्न साली, स्वतःच्या हातानं खोदली होती. तोवर गावातल्या विहिरीपाशी घागर ठेवून कुणी वरून पाणी ओतेल याची वाट पाहत बसावं लागे, कधी तासभर, कधी अख्खी सकाळ. देवमनची माय भागिरथा, तिनं त्या विहिरीची माती चार महिने डोक्यावर वाहिली. झरा लागला त्या दिवशी ती आत उतरून रडली होती. पुढं गावात नळ आले, वस्तीत आले नाहीत. भागिरथाला त्याचं काडीचंही दुःख नव्हतं.

जागा ठरल्याचं कळलं आणि वस्ती देवमनच्या अंगणात जमली. शेजारची बेबीताई जिभेनं तिखट. तिनंच विषयाला तोंड फोडलं.

"काहून रे देवमन, साऱ्या गावाचा गू आमच्याच दारात आनून राह्यला? याच्यासाठी शिकोलं का तुले?"

"बेबीताई, उतारच इकळे हाय. मी काय करू?"

"उतार त आमच्या बापजाद्यापासून इकळेच हाय."

भागिरथा ओट्यावर बसून सगळं ऐकत होती. ती म्हणाली, "मले एकच गोठ सांग. माह्या इहिरीत जाईन का ते?"

"एक थेंब नाई जानार, माय."

"जबान देतं?"

"देतो."

शिवाय त्यानं वस्तीतली बारा घरं गटाराला जोडून दिली. घरात संडास आले. बायकांना पहाटे नाल्यावर जाण्याची नामुष्की चुकली, तशी बेबीताईची जीभही जरा मवाळ झाली. आणि नळ्या वस्तीतूनच जात असल्यानं हे सगळं योजनेतच बसत होतं, कुणाकडे मागावं लागलं नाही.

घोडं अडलं ते सांडव्यावर. धरणाला असतो तसा पंपघरालाही सांडवा लागतो. लाइट गेली, पंप थांबला, हौद भरला, तर घाण उलटी चढून घरात शिरू नये म्हणून तिला नाल्यात जायला एक वाट ठेवायची. पुस्तकात तसं स्वच्छ लिहिलेलं. पण सांडवा जागच्या जागी काढला तर घाण पडणार विहिरीच्या वरच्या अंगाला, आणि विहिरीचा झरा त्या नाल्याचाच. विहीर ओलांडून खाली नेऊन सोडला तर कुणाचंच काही बिघडत नव्हतं. त्याला चारशे फूट जादा पाइप लागत होता.

तो द्यायचा अधिकार बांधकाम समितीच्या सभापतींचा, म्हणजे कापडाचे व्यापारी गुलाबचंद यांचा. देवमन दोनदा त्यांच्या दुकानाशी गेला. दुसऱ्यांदा तर पायरीपर्यंत पोचला. गादीवर चार जण पानं खात बसलेले दिसले, आणि त्याच्या कानात वाजायला लागलं, 'आपल्या लोकांसाठी गावाचा पाइप लावून राह्यला ओव्हरसियर.' कुणी काही बोललं नव्हतं. गुलाबचंदांनी तर मान वर करून 'या' म्हटलं होतं. देवमन 'सहज आलो होतो' म्हणाला आणि सायकल वळवून निघून आला.

त्याच आठवड्यात त्यानं नकाशावरचा सांडवा ब्लेडनं खरवडून काढला. त्याच्या बदल्यात हौद मोठा केला. मागच्या पाच वर्षांत गावातली लाइट एका दमात साडेतीन तासांच्या वर गेली नव्हती. त्यानं सहा तासांची घाण मावेल असा हौद धरला. वरच्या साहेबानं सही करताना विचारलं, "सांडवा कुठे आहे?" देवमन म्हणाला, "हौद सहा तासांचा आहे, साहेब." साहेबाला जेवायला जायचं होतं. सही झाली.

हे चुकतंय हे देवमनला कळत नव्हतं असं नाही. चांगलं कळत होतं. पण मायला दिलेला शब्दही पाळायचा आणि कुणापुढं तोंडही वेंगाडायचं नाही, या दोन्ही हट्टांना पुरेल एवढा एकच मार्ग त्याला दिसला, आणि माणसाला एकच मार्ग दिसायला लागला की तो शहाण्यासारखं वागत नाही.

शहात्तरच्या उन्हाळ्यात पंप सुरू झाला. तांड्यावरचा सेवालाल पंप चालवायला लागला. दोन वर्षं सगळं सुरळीत चाललं, भागिरथा विहिरीचं पाणी चाखून सगळ्यांना सांगायची, "माह्या पोरानं जबान पाळली." देवमनला मात्र त्या दोन वर्षांत सुख म्हणून लाभलं नाही. लाइट गेली की त्याचा घास हातातच राहायचा. घड्याळाकडे बघत बसायचा. बायको विचारायची, काय होतंय. तो म्हणायचा, काही नाही.

अठ्ठ्याहत्तर साली पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी ते झालं. वादळात मेडशीकडचे विजेचे खांब आडवे झाले आणि सकाळी सातला लाइट गेली. वरून पावसाचं पाणीही नळ्यांत शिरत होतं, हे देवमनच्या सहा तासांत कुठं धरलेलं होतं? अकराच्या सुमारास सेवालाल धावत कचेरीत आला.

"साहेब, हौद गळ्यापर्यंत आला. लाइटचा पत्ता नाई."

देवमन सायकल तिथंच टाकून पळत सुटला. वस्तीत शिरला तेव्हा बेबीताईच्या घरातून ओरडा चालू होता. ज्या बारा घरांना त्यानं संडास दिले होते, त्या बाराही घरांत ते उलटे वाहत होते. बाजारपेठेची, दवाखान्याची, स्टँडची सगळी घाण संडासाच्या भांड्यातून वर येऊन चुलीपर्यंत पसरली होती. बायका पिठाचे डबे डोक्यावर घेऊन उभ्या होत्या. त्याच्या स्वतःच्या घरात भिंतीवरच्या तसबिरीखाली घोटाभर काळं पाणी होतं. त्याची बायको बाळंतपणाला माहेरी गेली होती, तेवढंच बरं म्हणायचं.

आता एकच उपाय होता. पंपघराच्या चेंबरची नाल्याकडची भिंत फोडायची. सेवालालनं पहार आणून हातात दिली. देवमननं ती उचलली आणि तसाच उभा राहिला. हात खाली येईना.

भागिरथा लुगडं गुडघ्यापर्यंत खोचून तिथं आली. "काहून थांबला?"

"इथून फोडलं त इहिरीत जाईन, माय."

तिनं विहिरीकडे पाहिलं. मग वस्तीकडे पाहिलं. बेबीताई आंधळ्या सासूला पाठुंगळी घेऊन घराबाहेर पडत होती, आणि म्हातारी विचारत होती की हा वास कशाचा.

"फोड," भागिरथा म्हणाली.

वीस-पंचवीस घाव लागले. भिंत गेली आणि सगळं नाल्यात धो धो पडलं. पाव तासात घरांतली घाण उतरली. भागिरथा विहिरीच्या काठावर जाऊन बसली होती, ती संध्याकाळपर्यंत उठली नाही.

विहिरीवर 'पाणी पिऊ नये' अशी पाटी लागली, वस्तीतल्या बायका बाजाराच्या नळावर जायला लागल्या. गावातले लोक वाईट वागले नाहीत. उलट दया येऊन त्यांनी वस्तीतल्या बायकांना आधी भरू दिलं. भागिरथाला ती दयाच जास्त झोंबली. ती बाजूला घागर ठेवून आपला नंबर येईपर्यंत उभी राहायची.

चौथ्या दिवशी समितीची बैठक झाली. देवमन राजीनामा लिहूनच गेला होता. गुलाबचंदांनी नकाशा टेबलावर पसरला.

"पडघान साहेब, सांडवा काहून नाई ठेवला?"

"खाली न्यायला चारशे फूट पाइप जादा लागत होता."

"मंग?"

देवमननं राजीनाम्याचा कागद नकाशावर ठेवला.

"अहो, सहाशे फूट पाइप आपल्या आवारात पडून हाय, नळाच्या कामातला उरलेला. तुमी मांगतलाच नाई भाऊ. मांगतला असता त कोन नाई म्हणत होतं?"

त्यांनी तिथल्या तिथं मंजुरी दिली. पाच मिनिटं लागली असतील. गुलाबचंद खरं बोलत होते की आता बोलायला सोपं होतं म्हणून बोलत होते, हे कळायची सोय देवमननं स्वतःच ठेवली नव्हती. राजीनामा त्यांनी वाचलासुद्धा नाही, घडी करून परत दिला.

दुसऱ्या दिवशी बैलगाड्यांवरून पाइप वस्तीत आले. भागिरथा घागर घेऊन दारात उभी होती. पाइप उतरताना बघत तिनं विचारलं, "आता देल्ले. तवा मांगतले तू, अन् ते नाई म्हणले असतीन. हो का नाई?"

तिच्या आवाजात आशा होती. देवमननं हो म्हटलं असतं तरी कुणाला कळलं नसतं. सारं गाव त्याला पाठीशी घालायला तयार होतं, मायसुद्धा.

"मी मांगतलेच नाई, माय," तो म्हणाला.

"त्याईनं नाई म्हटलं असतं," ती म्हणाली, "त मी सोसलं असतं रे." आणि घागर कमरेवर घेऊन ती बाजाराच्या नळाकडे निघाली.