मामा, अक्का आणि परतीची लिंक

इंटरनेटला शेजारधर्म शिकवायला निघालेला माणूस साऱ्या जगात एकच असेल, आणि तो नेमका चेन्नईच्या मैलापुरात माझ्या वरच्या मजल्यावर राहतो. बँकेतून निवृत्त झालेले हे मामा, म्हणजे साऱ्या इमारतीचेच मामा, पिढ्यानपिढ्या तंजावरचे मराठी. माझ्या पुण्याकडच्या मराठीला ते पेपरातली भाषा म्हणतात. त्यांची एक वेबसाइट आहे. तंजावरला राहणारी त्यांची अठ्ठ्याऐंशी वर्षांची थोरली बहीण, अक्का, दर रविवारी फोनवर घरच्या जुन्या पदार्थांची कृती सांगते, मामा ती टाइप करतात, आणि शेवटी अक्का एकच प्रश्न विचारते: कोणी वाचलं का? खोटं बोलता येत नसल्यामुळे मामा तिच्या गुडघ्यांची चौकशी करू लागतात. ओळखीबाहेरच्या एका तरी माणसाने शोधून वाचावं आणि ते अक्काच्या हयातीत तिला सांगता यावं, एवढंच त्यांना हवं होतं.

चूक माझीच. श्रीपेरुंबुदूरच्या गाड्यांचे ब्रेक बनवणाऱ्या एका कारखान्याची वेबसाइट मी सांभाळतो हे त्यांना कळलं, आणि कंपनीच्या बसमधून उतरून जिना गाठायच्या आत त्यांनी मला अडवलं. मी बेसावधपणे सांगून गेलो, की दुसऱ्या साइट्सनी आपल्याकडे लिंक दिली की सर्च इंजिनला वाटतं इथे काहीतरी घेण्यासारखं आहे, आणि ते आपल्याला वर आणतं. लिंक विषयाशी संबंध असलेल्या चांगल्या साइटची हवी, हेही मी म्हणालो होतो. पण ते वाक्य संपेपर्यंत मामा चपला घालून रस्त्यावर होते.

दाताच्या डॉक्टरकडे त्यांनी तोंडात कापसाचे बोळे असताना लिंक मागितली. बोअरवेलवाल्याकडे मागितली, इथून जवळच्या कोवलमला समुद्राकाठचे फ्लॅट विकणाऱ्याकडे मागितली. आमच्या कारखान्याच्या ब्रेकच्या पानावर डांगर पचडीची, म्हणजे उडदाचं पीठ कालवलेल्या दह्याच्या कोशिंबिरीची, लिंक टाका म्हणाले, आणि मी नाही म्हटल्यावर तीन आठवडे, अजिबात न रागावता, रोज म्हणाले. लोक देतही होते, कारण मामांना वाटेला लावण्याचा तोच एक उपाय होता. इतक्यावर थांबले असते तरी मी गप्प बसलो असतो. पण नवरात्रात घरोघरी पायऱ्यांवर मांडलेल्या कोलूच्या बाहुल्या बघायला आलेल्या बाईला या गावात कुणी तांबूल दिल्याशिवाय पाठवत नाही, आणि मामांच्या लेखी लिंकही तशीच घरी आलेली. ज्याने दिली त्याला त्यांनी परतीची लिंक दिलीच. अंबट भाजीखाली दाढेची सफाई आणि डांगर पचडीखाली बोअरवेल, असं ते भूक मारणारं पान झालं. सर्च इंजिनने ही देवघेव बरोबर ओळखली आणि साइट अशी खाली गेली की मलाही सापडेना. परतीच्या लिंक काढा म्हणून मी विनवलं, चिडलो, एकदा तर मामींसमोर हात जोडले. मामा शांतपणे म्हणाले, "घरीं आलेतेंला रितं पाठवाचं कसं?" या माणसापुढे डोकं फोडून घेण्याचीही सोय नाही, कारण ते लगेच बाम घेऊन येतात.

आणि गेल्या महिन्यात, कुणी न मागता, एक लिंक आली. कोइमतूरच्या एका मुलीने आपल्या ब्लॉगवर लिहिलं होतं, की वडील लहानपणच्या डांगर पचडीची फार आठवण काढायचे, शोधता शोधता सर्च इंजिनच्या पार अकराव्या पानावर ही कृती मिळाली, आणि वडिलांनी ताट पुसून खाल्लं. मी मामांना बजावलं, हीच खरी लिंक, बाकीच्या सगळ्या एकीकडे आणि ही एकीकडे. हिला कृपा करून काही परत करू नका. आश्चर्य म्हणजे त्यांनी ऐकलं.

रविवारी त्यांनी मला मुद्दाम वर बोलावलं आणि फोन स्पीकरवर ठेवला. कृती सांगण्याआधीच, तिने विचारायची वाट न पाहता, मामा म्हणाले, "वाचलं, अक्का. कोण कुठली पोर, शोधून वाचलं. बापाला करून वाढलं."

आता म्हातारी रडणार असं मला वाटलं. पण तिने विचारलं, "तिला तू काय दिलास?"

मामांनी माझ्याकडे पाहिलं. वर्षभर ज्यांच्यावर मी ओरडलो ते सत्तरीचे गृहस्थ माझी परवानगी मागत होते, आणि मला माझीच लाज वाटली. मी मामांचा लॅपटॉप ओढला आणि डांगर पचडीखाली त्या मुलीच्या ब्लॉगची लिंक मीच टाकली. "दिलं म्हणून सांगा," मी म्हणालो.

मामांनी सांगितलं. बरं केलंस म्हणून अक्का पुढची कृती सांगू लागली. तिचा आवाज आता फार बारीक झाला आहे. मामांना नीट ऐकू यावं म्हणून मी उठून पंखा बंद केला.