आधी माणूस मोजावं

कोटपिंपरीला कोट होता, हे आता सांगावं लागतं. सिंदफणेच्या काठी चार बुरूज उरलेत. एकावर पाण्याची टाकी, एकावर मोबाइलचा टॉवर, बाकी दोहोंवर बाभळी. नदीवेस तेवढी धड उभी आहे. दारं कधीच गेली, नुसती कमान. अन् त्या कमानीत रोज दिवस मावळताना उभा राहणारा आसाराम मेंढके. लोक त्याला येडा म्हणतात. म्हणोत बापडे!

आसारामला एक सन सांगता येत नाही. पण मेंढरांची धूळ उठली की नदीपल्याड त्याला तंबू दिसतात, चुलींचा धूर दिसतो, घोडी खिंकाळतात. कधी निजामशाहीचा वेढा, कधी मोगलांचा. कोण जिंकलं, कोण हरलं, त्याचं त्याला सोयरसुतक नाही. त्याचा वेढा एकच, पणजोबाच्याही पणजोबाचा.

त्या वेढ्यात नदीवेस दिवसातून एकदाच उघडायची. मेंढरं पाण्यावर जायची, परत आली की दार बंद. दारावर तो पणजोबाच होता. त्यानं मेंढपाळाच्या सवयीनं डोकी मोजली. सगळी भरली! सुटलो म्हणत त्यानं अडसर सारला. अन् नदीकाठी नुकतंच जन्मलेलं, मोजणीत नसलेलं कोकरू पदरात घेऊन मागून येणारी त्याची बायको बाहेर राहिली. दार पुन्हा उघडायचा हुकूम मिळाला नाही. वेढा उठल्यावर त्यानं सगळी वाळू पालथी घातली, ती सापडली नाही.

"मेंढरं मोजली, मानूस मोजलं न्हाई," आसारामचा बाप सांगायचा अन् डोळे पुसायचा, जसं काही कालच घडलंय. तेव्हापासून त्या घरातला पुरुष मेंढरं आत आली की वेशीत तीनदा हाळी देतो, "भाईर कुनी हाय का?" मगच घराकडं वळतो.

आसारामची बायको कडूबाई याला लई हसायची. "अवं, दारं न्हाईत अन् राखन कावून करता? मोगल यायलेत का?" चाळीस वर्षं हसली.

यंदा आसारामच्या घशाचं ऑपरेशन झालं. जीव वाचला, आवाज गेला. पोरगा हरिओम पुण्यात गाडी चालवतो, तो काही वेशीत येऊन उभा राहायचा नाही. मरणाचं आसारामला काही वाटत नव्हतं. पण इतक्या पिढ्यांची हाळी आपल्यापाशी तुटणार, याचं दुःख त्याला आतून खात होतं.

बीडच्या दवाखान्यातून आल्यावर पहिल्याच संध्याकाळी तो काठी टेकत कमानीत गेला. मेंढरं घेऊन कडूबाई नदीवर गेली होती. धूळ उठली, पल्याड तंबू हलल्यासारखे झाले, अन् धुळीतून मेंढरं आली. त्यानं मोजली. अडतीस. सगळी भरली. हायसं वाटलं अन् तो वळलाच.

वळला, अन् परत नदीकडं फिरला. कडूबाई कुठंय?

हाळी द्यायला तोंड उघडलं, नुसता वारा निघाला. पुन्हा उघडलं, पुन्हा वारा. मग काठी टाकून म्हातारा कमानीबाहेर पळत सुटला. पल्याड खरंच फौज असती, तरी तो थांबला नसता.

कडूबाई वाळूत बसली होती. मांडीवर ओलं कोकरू.

"मागंच व्हते की," ती म्हणाली. "हाळीची वाट बघत बसले. आली न्हाई, अन् पायच उचलंना. तुमी बी ना! रोज हसायचे मी, पन त्या आवाजावर चालत यायचे, ते आज कळलं." अन् ती रडायला लागली. आसारामही रडला, बिनआवाजाचा.

दोघं वेशीत आली. कडूबाईनं कोकरू त्याच्या हातात दिलं, पदर खोचला अन् नदीकडं तोंड करून हाळी दिली, "भाईर कुनी हाय का?" एकदा, दोनदा, तीनदा. आवाज चिरका होता, पण पल्याडच्या काठापर्यंत गेला. तिकडून कुणी ओ दिली नाही.

मग आसारामनं मोजणी पहिल्यापासून केली. आधी बोट कडूबाईकडं केलं. एक. मेंढरं मग मोजली.