सायलेन्सरवरची झूल

शहापूर आणि मुरबाड या दोन तालुक्यांत मिळून मोटारसायकलच्या सायलेन्सरची खरी इज्जत राखणारा एकच माणूस झाला, आणि तो आमच्या घरचा जावई आहे, हे मी आजही छाती पुढे काढून सांगतो. माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, आमचे भावजी, किन्हवलीजवळच्या एका पाड्यातले. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला त्यांना मुरबाडकडच्या एका आडगावी मास्तरकी लागली. तिथे एसटी जायची नाही. जायचा रस्ता म्हणजे अर्धा ओढा आणि अर्धे शेताचे बांध. म्हणून भावजींच्या वडिलांनी, तात्यांनी, गोठ्यातली बैलजोडी विकली आणि दारात टू-स्ट्रोक मोटारसायकल आली. बैल तात्यांनी आपखुशीने विकले खरे, पण गाडीला कधी हात लावला नाही. आली त्या दिवशी ओटीवरूनच तिच्याकडे बघून म्हणाले, "माज्या बैलांच्या अंगावर कदी वळ उटला नाय. हिचं काय करतोस ते बघतो आता."

झालं! भावजींनी ते मनाला लावून घेतलं. गाडीच्या अंगात सगळ्यात खाली आणि सगळ्यात नाजूक काय, तर सायलेन्सर. दगडावर आपटून त्याला पोचा पडला की टू-स्ट्रोकचा दम जातो आणि चढावर ती रडायला लागते. तेव्हा पोचा पडू द्यायचा नाही, म्हणजे तात्या एक दिवस गाडीला आपली म्हणतील, असा भावजींचा हिशेब. त्यासाठी त्यांनी घरातलं चांगलं लोखंडी घमेलं कापून सायलेन्सरच्या पोटाखाली नटबोल्टने आवळलं. ताईने विचारलं, "आन आता मी माती कशात भरू?" त्यावर भावजी शांतपणे म्हणाले, "टोपलीत भर. टोपली मोडली तर कोन नाय बोलत." ओढा आला की मागे बसलेल्याने उतरायचं, मग तो पाहुणा असो की शाळातपासणीला आलेले साहेब. साहेब पॅन्ट गुडघ्यापर्यंत दुमडून पाण्यातून चालले आहेत आणि भावजी दगड चुकवत गाडी हळूहळू ढकलत आहेत, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. गाडी उभी केली की सायलेन्सरच्या तोंडात चिंधीचा बोळा, कारण कुंभारीण माशी आत मातीचं घर बांधते. तो बोळा काढायचा विसरून किका मारमारून घामाघूम झालेले भावजीही मी पाहिलेत. आणि गाडी थंड झाली की सायलेन्सरवर गोणपाट बांधायचं. कोंबड्यांनी चोच मारू नये, पोरांनी दगड मारू नये म्हणून. त्या गोणपाटाला ते झूल म्हणत. शहापूरच्या मेकॅनिकला तर त्यांची एकच ताकीद होती, "ठोकायचा नाय. काय झालं तरी ठोकायचा नाय."

तात्या हे सगळं ओटीवरून बघत. त्यांना खरा त्रास व्हायचा तो दिवाळीच्या पाडव्याला. त्या सकाळी गावातली गुरं गेरूने रंगवतात, माळा घालतात आणि पेटत्या पेंढ्यावरून उडवतात. आमच्या तात्यांचा गोठा रिकामा. ते गावाकडे पाठ करून ओटीवर घोंगडी पांघरून बसायचे. एका पाडव्याला भावजींना ते बघवेना. त्यांनी गाडीच्या टाकीवर गेरूचे हात उमटवले, हॅन्डलला झेंडूची माळ बांधली, आणि सणाच्या दिवशी जनावराच्या अंगावर झूल हवीच म्हणून गोणपाट तसंच ठेवलं. महिनोन्‌महिने ऑइल पिऊन ते गोणपाट कसं झालंय, हे मात्र त्यांच्या ध्यानात आलं नाही. बैलांच्या मागोमाग मास्तर गाडीवरून आले, पेंढ्यावरून धाडकन गेले, लोकांनी टाळ्या वाजवल्या, आणि पलीकडे पोचेस्तोवर झुलीने पेट घेतला.

भावजींनी गाडी आडवी टाकली. टाळ्या वाजवणारे पेट्रोलच्या भीतीने दाही दिशांना पळाले, त्यात मीही होतो. उलट्या दिशेने फक्त एक माणूस धावत आला. तात्या! वाटेत बैलांसाठी भरून ठेवलेल्या टाक्यात घोंगडी बुचकळून ते ओरडत होते, "जनावर भाजतंय रे! बघताय काय?" ओली घोंगडी सायलेन्सरवर टाकून त्यांनी ती दोन्ही हातांनी दाबून धरली. वाफ आली, तात्यांचे तळवे पोळले, तरी हात काढले नाहीत. मग शेजारी चिखलात बसलेल्या भावजींना म्हणाले, "झूल आगीवरनं नेतात का, मास्तर? आदी काडून ठेवतात." दुसऱ्या दिवशी त्यांनी खुंटीवरची बैलांची घुंगुरमाळ उतरवली आणि स्वतः गाडीच्या हॅन्डलला बांधली. माझा ऊर तेव्हा जो भरून आला, तो अजून तसाच आहे.

तात्या जाऊन आता बरीच वर्षं झाली. भावजींनी नवी फोर-स्ट्रोक घेतली, जुनी गोठ्यात बैलांच्या जागी उभी असते. सायलेन्सरला आजतागायत एक पोचा नाही. फक्त बगलेला एक काळा डाग आहे. मागच्या पाडव्याला गाडी पुसायला घेतली, तेव्हा तो घासून काढावा म्हणून मी पॉलिश पेपर हातात घेतला. भावजींनी माझं मनगट धरलं.

"तो ऱ्हाऊ दे," ते म्हणाले. "तितं तात्यांचा हात लागलाय."