मेस्त्री बसला की गप्प

आमच्या नाटकाचे पडदे आयुष्यभर वाहून नेणारा ड्रायव्हर आम्हा सगळ्यांपेक्षा मोठा नट होता. त्याचा रंगमंच म्हणजे जुन्या पिकअपची केबिन, आणि प्रेक्षक एकच: शेजारी बसलेली त्याची बायको. ती गेली, आणि थोड्याच दिवसांत इंजिनात टकटक सुरू झाली. इंजिन बसलं तर गाडी भंगारात जाणार, याची त्याला धास्ती. घरात तर आता कोणी उरलंच नव्हतं.

गॅरेजचा मेस्त्री तपासायला शेजारी बसून चक्कर मारायचा, तेव्हा मात्र आवाज हमखास बंद.

"दादा, गाडी मला लाजते की तुमचे कान वाजतात?"

"कान शाबूत आहेत रे माझे. तू उतरलास की बघ, लगेच सुरू."

"मी उतरलो की?" मेस्त्री थबकला. त्याने शेजारची सीट उचलली. खाली इंजिनाचं झाकण होतं, त्याचं रबर पार झिजलेलं. सीटवर माणूस असलं की झाकण दबून राहायचं. सीट रिकामी असली की टकटक आपटायचं.

"वहिनी बसायच्या ना इथे? म्हणून इतकी वर्षं कळलंच नाही."

मेस्त्रीने नवं रबर बसवून दिलं.

दुसऱ्या दिवशी पिकअप पुन्हा गॅरेजच्या दारात उभी.

"काय दादा, परत वाजतंय?"

"छे! अगदी चिडीचूप. म्हणूनच आलो." त्याने शेजारचं दार आतून उघडलं. "बस की जरा. एक चक्कर मारू."